मार्केसाची पिल्लं

आमच्या चिपिओना गावात घरात घोयरी, ती रंग बदलणारी, पाळणं हा आता गुन्हा आहे. आमच्या आजीच्या वेळी खिडकीखिडकीत एक असायची, पायाला दोरा बांधून, माश्या खायला. सरड्याच्या जातीतली ही सगळ्यात शहाणी. तेव्हा कुणी दंडबिंड करत नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या भावाला, क्रिस्तोबालला, अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, पण पठ्ठ्या बोलेल तर ना! भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एक दिवस द्राक्षाच्या मळ्यात मला एक घोयरी दिसली आणि मी सरळ एप्रनमध्ये घालून आणली. त्याच्या खिडकीतल्या मोगऱ्यावर ठेवली. तिनं जीभ फेकली आणि त्याच्या पांघरुणावरची माशी गट्ट केली. अर्ध्या तोंडानं का होईना, हसला तो.

"अगं एन्कार्ना, हिची जीभ तुझ्यापेक्षा लांब आहे!"

मग कसला कायदा नि कसलं काय! तिचं नाव आम्ही ठेवलं मार्केसा. रोज सकाळी मी पानांवर पाणी शिंपडायची, ती थेंब थेंब प्यायची. या वयात, या गुडघ्यांनी मी नाकतोडे पकडत फिरले.

सप्टेंबरात तिच्या अंगावर पिवळे ठिपके आले, पोट तट्ट फुगलं. सारखी खाली उतरायची आणि फरशी उकरत बसायची. शेजारच्या चारोनं बघितलं मात्र, कपाळाला हात लावला.

"अगं बये, पोटात अंडी आहेत तिच्या! आजच्या आज वाळूत सोड, नाहीतर मरेल."

"तू तुझ्या कोंबड्या सांभाळ," मी म्हटलं.

क्रिस्तोबालला सांगितलं, खाऊन खाऊन सुटलीय. त्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "तुझ्यावर गेलीय," एवढंच म्हणाला.

मला कळत नव्हतं असं नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की घोयऱ्या झुडपावरून उतरतात त्या वाळूत अंडी घालायला. पण खिडकी रिकामी झाली की हा परत भिंतीकडे वळणार, याची मला धास्ती. उद्या सोडू, रविवारी सोडू. समुद्र दोन गल्ल्यांवर. बादलीभर वाळू आणून ठेवली असती तरी भागलं असतं. तेही मला सुचलं नाही. की मी सुचू दिलं नाही, देव जाणे.

एका सकाळी ती कुंडीच्या बुडाशी गार पडलेली दिसली. नखं झिजून गेलेली. क्रिस्तोबाल झोपेत होता. मी तिला स्वयंपाकाच्या फडक्यात गुंडाळलं, किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडावर नेलं आणि झुडपाखाली पुरलं.

"मार्केसा कुठंय?" मी परतल्यावर त्यानं विचारलं.

"सोडली वाळूत. लगेच उकरायला लागली."

जीभसुद्धा अडखळली नाही माझी. तो ढसाढसा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "पिल्लं ऑगस्टात निघतात. मी बघायला जाणार."

आणि उठलाच की! मसुराची आमटी वाटी वाटी संपवायला लागला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईला शिव्या घालायचा, पण पाय उचलायचा. ईस्टरपर्यंत दारापाशी आला. चारोनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तो एकेक पाऊल टाकायचा आणि मी ऑगस्टपर्यंतचे दिवस मोजायची.

ऑगस्ट लागला, आणि काल एका हातात काठी आणि दुसरा माझ्या खांद्यावर, असा तो टेकाडावर चढला. मी दाखवलेल्या झुडपाशेजारी कुणी सुट्टीवर आलेल्या लोकांनी छत्री रोवली होती.

"ओ पाहुणे! उचला तो तंबू. खाली पोरं झोपलीत!"

ती माणसं घाबरून उठलीच. तो हळूच वाळूशी बसला. मला राहवेना. आता सांगून टाकायचं, म्हटलं, काय व्हायचं ते होवो.

"क्रिस्तोबाल, ऐक..."

"आधी माझं ऐक. तिच्या पोटात अंडी आहेत हे मला तुझ्याआधी कळलं होतं. दिवसभर मीच तर बघत होतो तिला. पण ती गेली तर मी बघू काय, म्हणून गप्प बसलो. तू सोडलीस म्हणून वाचलो गं. तिचं मरण माझ्या माथी आलं असतं, तर मी परत उठलोच नसतो." त्यानं माझा हात दाबला. "तू काय म्हणत होतीस?"

"टोपी घाल," मी म्हटलं. "ऊन लागेल."

त्यानं टोपी घातली. आम्ही दुपारपर्यंत तिथं बसलो, पिल्लांची वाट बघत.