रिकामी टोपली

लाच हा शब्द धुळ्याच्या बाजारात कुणी तोंडानं उच्चारत नसे. देणारा 'चहापाणी' म्हणायचा, घेणारा 'कशाला उगाच' म्हणायचा, आणि मधला दलाल छताकडे बघत राहायचा. लाच छापून यायची ती पेपरात, आणि तीही दुसऱ्या गावची. त्यामुळे रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत बसलेल्या साहेबांनी तो शब्द ठणठणीत आवाजात उच्चारला, तेव्हा आत स्टोव्हपाशी उभ्या असलेल्या लताबाईंच्या हातून सांडशी पडली.

"तुम्ही घरी लाच घेता, अशी तक्रार आहे," साहेब म्हणत होते. "टोपल्या येतात म्हणे."

साहेब मुंबईहून चौकशीला आले होते, न कळवता. समोर बसलेला जीवराम, लताबाईंचा नवरा, सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हातात घेतली त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. शेतकऱ्यानं गाडी आणायची, जीवरामनं मूठभर कापूस उचलून धागा ओढायचा आणि नंबर सांगायचा. एक नंबर की दोन, त्यावर भाव. एवढी सत्ता माणसाच्या हातात दिली, की त्याचा हात फार दिवस स्वच्छ राहत नाही, हे सरकारला कोण सांगणार?

तक्रार खरी ठरली तर नोकरी जाणार होती. नोकरीबरोबर ही दोन खोल्यांची सरकारी जागा जाणार होती, आणि मग चाळीसगावला दिराच्या दारात जाऊन उभं राहायचं. तिथली जाऊ कसं स्वागत करील, हे लताबाई आत्ताच सांगू शकल्या असत्या.

पण त्यांचे डोळे लागले होते फळीवर. तिथं एक पितळी डबा होता. सोनगीरच्या तांबटाच्या हातचा, चांगला जाडजूड, आणि झाकणावर कोरलेलं नाव: अभिमन झुलाल पाटील. अभिमन आबा म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. दिवाळीला तो डबा गाईच्या तुपानं भरून आला होता. लताबाई रिकामा करायला उठल्या, तर आबा म्हणाले, "डबा ऱ्हाऊ द्या वहिनी." पुढच्याच आठवड्यात आबांच्या ओल्या कापसाला एक नंबर मिळाला.

"डबा देऊन या," लताबाईंनी नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. एकदा गोडीनं, एकदा रडून, एकदा भांडून. "बघू," जीवराम म्हणायचा. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाला काही बघायचं नसतं. शेवटी त्यांनी चिडून डब्यात रेशनची साखर भरली. आज तो डबा चिंचेनं घासल्यासारखा चमकत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

त्या डबा काढून लपवणार, एवढ्यात बाहेरून हाक आली.

"लताबाई, शेतस का घरमा?"

दुष्काळात तेरावा महिना! दारात सोनगीरच्या पुष्पाबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, कमरेवर टोपली, आणि टोपलीत हिरवीगार वांगी.

जीवरामच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी टोपलीकडे पाहिलं, मग जीवरामकडे.

"ह्या कोण?"

"सोनगीरच्या. केंद्रावर कापूस घालतात."

"आणि टोपलीत?"

"वांगी," जीवराम पुटपुटला.

"म्हणजे तक्रारीत खोटं काही नाही. ही लाचच झाली."

पुष्पाबाई आधी हसल्या. त्यांना वाटलं, पाहुण्यांनी थट्टा केली. कुणीच हसत नाही हे पाहून त्यांनी टोपली दाणकन खाली ठेवली.

"लाच? साहेब, हाऊ वानोळा शे वानोळा! वावरमा नवं पिकनं की पह्यलं देवले, मंग बठ्ठा वळखीपाळखीना लोकेस्ले. मी काय आजच उनू का?"

"पण यांच्याकडे तुमचं काम असतं."

"काम? भाऊनी मन्हा कापूसले दोन नंबर दिधा. किडेल बोंडं व्हतात त्यामा. बराबर शे त्यास्नं."

साहेब थोडे पुढे झुकले. माणूस कडक होता, पण कान उघडे ठेवणारा होता. "मग बाई, वानोळा कुठला आणि लाच कुठली, ओळखायचं कसं?"

"त्यामा काय अवघड शे? जी टोपली रिकामी परत जास, ती लाच. वानोळानी टोपली कोनी रिकामी धाडत नही. इचारा बाईले. कधी शेंगा, कधी गूळ, काही ना काही टाकीसनच देस ती."

हे खरं होतं. त्या मुलखात शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत. घरात काहीच नसलं, तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे मला कुठल्या कायद्यात सापडलं नसतं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मागे टेकून बसले. जीवरामचा आवाज लगेच परत आला. "अगं, चहा टाक साहेबांना!"

पुष्पाबाई टोपली घेऊन आत आल्या. वांगी ताटात ओतता ओतता म्हणाल्या, "साखर कोठे शे?" आणि लताबाईंनी हात पुढे करायच्या आत फळीवरचा डबा त्यांनी उतरवला.

सोनगीरच्या बाईला सोनगीरचं पितळ ओळखायला वेळ लागत नाही. त्यांचं बोट झाकणावरच्या नावावरून हळूहळू फिरलं. चौथीपर्यंत शिकल्या होत्या त्या.

"आबाना डबा."

"दिवाळीला तूप आणलं होतं अक्का," लताबाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"आनि परत नही धाडा?"

लताबाईंनी स्टोव्हला उगाचच पंप मारला. स्टोव्हचा आवाज तेवढा होत होता.

"त्या दिवशी मन्ही गाडी आबानी गाडीना मांगे व्हती," पुष्पाबाई अगदी हळू बोलत होत्या. "पिळा तर पानी निंघी, असा कापूस. लोके म्हनेत, भाऊनी खादं. मी भांडनू त्यासनासंगे. म्हनं, भाऊनी चुकी व्हयनी व्हई."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर लताबाईंना बरं वाटलं असतं. पुष्पाबाईंनी तसं काही केलं नाही. साखर काढून दिली, झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला आणि नाव भिंतीकडे फिरवलं. मग त्यांनी टोपली उचलली.

लताबाईंनी घाईनं ओंजळभर शेंगा घेतल्या. पुष्पाबाईंनी टोपली मागे घेतली.

"ऱ्हाऊ द्या बाई. आज रिकामीच लई जासू."

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या. लताबाई तशाच ओंजळ धरून मागोमाग दारापर्यंत आल्या.

साहेबांच्या हातात अजून चहा पडला नव्हता, त्यामुळे नजर रिकामी होती. ती टोपलीवर गेली.

"काय हो बाई, आज टोपली रिकामी?"

पुष्पाबाई उंबऱ्यात थांबल्या. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं आणि चहाडी करायची नव्हती. त्या खाली बघत राहिल्या.

"विसरली असेल ही," जीवराम मोठ्यानं हसला. "घाल गं, घाल काहीतरी." हसताना त्यानं बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्यात आख्खं चाळीसगाव होतं.

लताबाईंना जावेचं तोंड दिसलं, डोक्यावरचं छप्पर दिसलं. आणि गाड्यांच्या रांगेत उभी राहून ह्या घरासाठी भांडणारी बाईही दिसली. त्यांना नवऱ्याचा राग आला, त्याहून जास्त त्या फळीचा आला. रोज सकाळी उठून तिच्याकडे बघायचं होतं.

"मी विसरले नाही," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या. डबा उतरवून त्यांनी सगळी साखर ताटात, वांग्यांवरच ओतली. रिकामा डबा बाहेर आणून साहेबांसमोरच्या स्टुलावर ठेवला, नाव त्यांच्याकडे करून.

"हा परत गेला नाही साहेब," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून."

जीवराम अर्धवट उठला आणि तसाच खाली बसला. साहेबांनी नाव वाचलं, खिशातून पुन्हा पेन काढलं.

लताबाईंनी पुन्हा आतून शेंगा आणल्या, या वेळी सुपासकट, आणि उंबऱ्यापाशी गेल्या. पुष्पाबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी कमरेवरची टोपली पुढे केली.