दार वाजलं की पेलाभर पाणी

त्या दिवशी आमच्या घरात लग्नघरासारखी धावपळ चालली होती, आणि कारण काय, तर बाबा दोन घास खाणार होते.

आजारपणात त्यांचं अर्धं अंग आणि जीभ लुळी पडली, तेव्हापासून नाकातल्या नळीवरच त्यांचं चाललं होतं. बोलणं म्हणजे एक "हं", तोही लहर आली तर. गिळण्याचे व्यायाम शिकवायला ज्या बाई यायच्या, त्या पर्समध्ये कायम चमचा बाळगायच्या, म्हणून आमच्यात त्यांचं नाव चमचेवाल्या बाई. त्यांनी बजावलं होतं, "दुपारी येते. घरचाच रस्सा करा, पण दाट आणि मऊ. चमचा तिरका केला की गोळा पडला पाहिजे. ओघळला तर तो श्वासनळीत उतरतो. मग काही द्यायचं नाही. नळी राहील, पुढच्या फेरीला बघू."

'नळी राहील' ऐकल्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या क्षणी मी ठरवलं, काहीही होवो, ही नळी आज निघणार.

आईने सकाळीच रस्सा लावला. बटाटा, गाजर, लाल भोपळा, तिखट नाही. मी झाकण काढून पाहिलं तर इतका दाट की डाव उभा राहावा. निर्धास्त होऊन मी बाबांची दाढी करायला बसले. तेवढ्यात लोक यायला लागले. आधी काका, मग शेजारीण, मग बाबांच्या गॅरेजमधली मंडळी. बाबा जेवणार ही बातमी कोणी फोडली माहीत नाही, पण काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही एवढं सांगते.

दाढी आटोपून स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते सगळं बहुतेक पातेल्यात गेलं होतं. चमच्यात रस्सा घेतला, तिरका केला, आणि तो नळासारखा धावला.

"आई, काय केलंस हे?"

आई हातातल्या पाण्याच्या जगाकडे बघत उभी होती. तो हातात कधी आला हे तिलाच कळलं नव्हतं.

मला मात्र कळलं. आई लग्न होऊन आली ते दहा तोंडांच्या घरात, आणि न सांगता येणारे पाहुणे वेगळे. दार वाजलं की रश्श्यात पेलाभर पाणी, ही तिच्या हाताची सवय. तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकच माणूस तिला थांबवू शकायचा. बाबा बाहेरच्या खोलीतून हाक द्यायचे आणि तिचा हात अर्ध्यावर थबकायचा. आज दार सारखं वाजत होतं आणि हाक देणारा गप्प पडून होता.

"माझ्या हातांना आग लागो," आई म्हणाली. तिचे डोळे भरले.

"रडू नकोस, आणखी पातळ होईल," मी म्हटलं आणि जग तिच्या हातातून काढून घेतला.

सल्ले तयारच होते. "वहिनी, दोन मुठी पीठ टाका, काम फत्ते," काका म्हणाले. शेजारणीने ब्रेड कुस्करायला सुरुवातही केली होती.

"पिठाच्या गुठळ्या होतील आणि ब्रेड घशात चिकटेल," मी ओरडले. "कोणी काही टाकायचं नाही."

मी कापडछपाईच्या कारखान्यात रंग कालवते. रंग पातळ झाला की नवीन पोरं त्यात भुकटी ओततात आणि गाठी काढत बसतात. मी उलटं करते. घट्ट वेगळं काढायचं, एकजीव करायचं आणि त्यात पातळ घालत जायचं, बेताबेताने. रस्सा काय आणि रंग काय, गुण एकच.

मी सगळा रस्सा गाळला. पाणी पसरट कढईत मोठ्या आचेवर आटायला ठेवलं. बटाटा मिक्सरमध्ये घातला तर चिकट होतो, म्हणून भाज्या गाळणीतून घासायच्या. गाळणी काकांच्या हातात दिली. आयुष्यात चहा न गाळलेला माणूस चष्म्यावर वाफ घेऊन जीव तोडून घासत होता. शेजारीण खालून गर खरवडत होती, आई कढईजवळ उभी राहून "आट बाई, आट" असं तिची समजूत घालत होती. मी जग काखेत मारूनच सगळ्यांवर हुकूम सोडत होते. मला भीती वाटत होती आणि खरं सांगते, मजाही येत होती. कित्येक महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात इतका आवाज झाला नव्हता.

गर गुळगुळीत झाला. त्यात आटलेला रस्सा डावाने घातला, ढवळला, चमचा तिरका केला. गोळा हललाच नाही. आणखी अर्धा डाव. आता गोळा सुटून पडला, टपकन, अख्खा. काकांनी टाळीच वाजवली.

बेल वाजली. चमचेवाल्या बाई. मी जग आणखी घट्ट धरला.

बाईंनी बाबांना ताठ बसवलं, आपला चमचा काढला, तिरका केला, पाहिला. "छान जमलाय," म्हणाल्या. मग अर्धा चमचा बाबांच्या ओठांशी नेला. "बाबा, हनुवटी खाली. आता गिळा."

बाबांच्या गळ्याचं हाड वर गेलं आणि खाली आलं. बाहेरच्या खोलीत भरलेली सगळी माणसं त्या हाडाकडे बघत होती.

"आ म्हणा."

"आऽ." आवाज कोरडा, स्वच्छ. घरघर नाही, खोकला नाही. दुसरा चमचा, तिसरा. बाबांनी चौथ्यासाठी स्वतःहून तोंड उघडलं तेव्हा बाई हसल्या. "नळी काढू या," म्हणाल्या.

सगळे एकदम बोलायला लागले. आई बाबांसाठी आणखी रस्सा आणायला आत पळाली. मीही तिच्यामागे आत गेले, आनंदाच्या भरात जग ओट्यावर ठेवला आणि शेजारणीला मिठी मारली.

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. मी वळून पाहिलं तर आईचा हात जगावर होता आणि जग पातेल्यावर तिरका झाला होता.

"पाणी नको गं."

बाहेरच्या खोलीतून आलेले ते शब्द जड होते, अर्धे ओठातच राहिलेले. पण ते बाबांचे होते. चमचेवाल्या बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

आईने जग खाली ठेवला. "बरं," ती म्हणाली, नेहमी म्हणायची तसंच. मग ओट्याशेजारी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

दार उघडायला कोणीच गेलं नाही. बेल बराच वेळ वाजत राहिली.