गुपचूप बांधून दिलेले पोळे

मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, खिडकीची नव्हे, फोटोचीही नव्हे. मी मधपेटीतली चौकट आहे. चार लाकडी पट्ट्या, मधे ताणून बसवलेल्या तीन तारा, आणि पेटीच्या कडांवर टेकण्यासाठी वरच्या पट्टीला काढलेले दोन कान, एवढाच माझा पसारा. माझ्यासारख्या दहा चौकटी एका पेटीत ओळीने उभ्या राहतात आणि माश्या आमच्यात पोळे बांधतात. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. गेले तीन महिने मी इतकी वैतागले आहे की गोड बोलायचे म्हटले तरी जमणार नाही.

माझा जन्म एका मोडक्या पलंगातून झाला. सुताराने त्याच्या फळ्या चिरून सत्तर चौकटी केल्या, सात पेट्यांना पुरतील एवढ्या. माणूस कामाला चोख होता. खिळे वाकडे गेले तर तो ते उपटून पुन्हा ठोकायचा. आम्हा सत्तरजणींना हातगाडीवर घालून त्याने एका घराच्या मागच्या अंगणात आणून ठेवले आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

त्या घरात दोन भाऊ राहतात. घर एक, अंगण एक, नळ एक, पण चुली दोन. भावांचे बरे चालते. प्रश्न आहे तो त्यांच्या बायकांचा. थोरली जाऊ पुढच्या खोलीत इस्त्रीचे दुकान चालवते. गेली पंधरा वर्षे तिने मागच्या भिंतीला लागून देशी माश्यांच्या तीन लहान पेट्या ठेवल्या आहेत. ती त्या उघड्या हातांनी उघडते आणि माश्यांशी बोलत बसते. धाकटी जाऊ शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवत होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिने दुसऱ्या मुलखातून आणलेल्या जातीच्या माश्या घेतल्या. त्या अंगाने मोठ्या, मध जास्त देणाऱ्या, म्हणून त्यांच्या पेट्याही मोठ्या. जुन्या मच्छरदाणीचा बुरखा तिने स्वतः शिवला आणि थोरलीच्या पेट्यांपासून दहा पावलांवर आपल्या सात पेट्या मांडल्या.

त्याच दिवशी दोन्ही चुलींची माणसे अंगणात एकत्र जेवायला बसली असताना थोरली म्हणाली, "कॉलर शिवणं वेगळं आणि माश्या सांभाळणं वेगळं. वर्षभरात पेट्या रिकाम्या होतात की नाही बघा." धाकटीच्या तर नाकावर माशी बसत नाही. ती ताट घेऊन उठली आणि आपल्या खोलीत गेली. तेव्हापासून दोघींचा अबोला. दोन वर्षे! एकीला नळ बंद करायला सांगायचा असेल तर ती बादलीला सांगते. दुसरीला उत्तर द्यायचे असेल तर ती वाळत घातलेल्या चादरीला देते. बादली आणि चादर यांनाही कंटाळा आला असेल, पण त्यांना विचारतो कोण?

माझे मात्र सुरुवातीला फार कौतुक झाले. पहिल्याच हंगामात मी मधाने इतकी भरले की धाकटीला मला दोन्ही हातांनी पेलावे लागले. "ही माझी सगळ्यात गुणी चौकट," असे ती नवऱ्याला म्हणाली. नंतर मध काढून झाला, पोळे खरवडले गेले आणि गुणी चौकट शेडमधल्या फळीवर, शिलाई मशीनच्या तुटक्या पायडलशेजारी, धूळ खात पडली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कामापुरते कौतुक सगळ्यांच्याच वाट्याला येते.

तक्रार आहे ती पुढची. यंदा थंडी लांबली. धाकटीची तीन नंबरची पेटी अशक्त झाली. माश्या मूठभर उरल्या, पिल्ले जवळपास नाहीत. धाकटी रोज पालथ्या बादलीवर बसून त्या पेटीच्या दाराकडे बघत राहायची. शेडच्या खिडकीतून मला ती दिसायची, आणि कपडे वाळत घालणाऱ्या थोरलीलाही दिसायची. थोरलीला वाईट वाटले, हे मला मान्य आहे. वाईट वाटले तर माणसाने काय करावे? दहा पावले चालून जावे आणि विचारावे, "अगं, काही मदत करू का?" पण नाही. तिने धाकटी दाढ काढायला जाण्याची वाट पाहिली.

धाकटी गाल धरून बाहेर पडताच थोरली शेडमध्ये आली आणि तिने मला फळीवरून उचलले. तिच्या हाताला इस्त्रीच्या कापडाचा जळका वास होता. आपल्या सर्वांत चांगल्या पेटीतून तिने पिल्लांनी भरलेला पोळ्याचा तुकडा कापला. पोळ्याच्या कडेला नर पिल्लांची फुगीर झाकणांची घरे होती. ती खरे तर कापून टाकायला हवी होती, कारण अशक्त पेटीला नरांचा उपयोग नसतो. पण जिवंत पिल्ले कापून टाकायला तिचा हात होईना. तिने तो तुकडा तसाच माझ्यात बसवला, लाल दोऱ्याने तारांना बांधला आणि मला तीन नंबरच्या पेटीत सोडले. झाकण लावताना ती हळूच म्हणाली, "सांगू नकोस हं कुणाला." मी कुणाला सांगणार होते? मला बोलता येत असते तर तिथेच दोन शब्द ऐकवले असते.

कारण त्या फुगीर घरांत पिल्लांबरोबर आणखी कुणीतरी होते. तांबूस, चपटा, मोहरीहूनही लहान असा तो जीव. त्याला माइट म्हणतात. तो परजीवी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जगणारा. माशीच्या पिल्लाला चिकटून तो त्याच्या अंगातला रस शोषतो आणि झाकणाआड आपली पिल्लावळ वाढवतो. थोरलीच्या देशी माश्यांना हा उपद्रव पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. त्या एकमेकींच्या पाठी तपासतात, माइट सापडला की चावून बाहेर फेकतात. म्हणून तो बापडा नरांच्या चार घरांत दडून राहायचा आणि फारसा त्रास द्यायचा नाही. थोरलीने पंधरा वर्षांत त्याला कितीदा तरी पाहिला होता आणि फुंकर मारून उडवला होता. पण धाकटीच्या माश्यांनी तो जन्मात पाहिला नव्हता. त्याला कसे पकडायचे, कुठे चावायचे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. माइटला रान मोकळे मिळाले.

चार दिवसांत माश्यांनी पोळे तारांना पक्के चिकटवले आणि लाल दोरा कुरतडून दाराबाहेर टाकला. धाकटीने तो पाहिला. मला वाटले, आता तरी उलगडा होईल. पण तिचे अर्धे आयुष्य शिलाईत गेलेले. तिच्या पदराला, केसांना, जेवणाच्या ताटालासुद्धा दोरे असतात. तिने तो झाडून टाकला. पुढे माझ्यातून लहानखुऱ्या, काळपट माश्या बाहेर आल्या तेव्हा तिला वाटले, बिचाऱ्या उपाशी आहेत. मग तिने त्यांना साखरपाणी पाजले.

पेटी जरा सावरल्यासारखी दिसली. मग धाकटी खूश. खुशीच्या भरात तिने काय करावे? माझ्यात पिल्ले चांगली आहेत म्हणून मला उचलून पाच नंबरच्या पेटीत ठेवले आणि पाच नंबरची चौकट तीनमध्ये. सगळ्या पेट्या सारख्या भराव्यात म्हणून सगळेच मधपाळ अशी अदलाबदल करतात. ती मला पाचमधून दोनमध्ये आणि दोनमधून सहामध्ये घेऊन फिरली. आणि प्रत्येक घरी मी काय घेऊन गेले ते तुम्हाला कळलेच असेल. मित्रांनो, मला पाय नाहीत. मी स्वतःहून एक बोटभरही सरकलेली नाही.

दोन महिन्यांत अंगणात माश्या रांगू लागल्या. रांगूच, कारण त्यांचे पंख चुरगळलेले होते, उडता येत नव्हते. पेट्या ओस पडत चालल्या. अशक्त पेटीतला मध लुटायला शेजारच्या पेटीतल्या माश्या यायच्या आणि मधाबरोबर माइट घरी न्यायच्या. मग सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. धाकटीचा नवरा म्हणाला, पेटीला लावलेल्या रंगाचा वास बाधला. वायरमन म्हणाला, टॉवरमुळे होतं हे. दूधवाल्याच्या मते माश्यांना ऊन बाधले होते. झाकण उघडून माझ्याकडे नीट बघावे, एका घराचे टोपण काढून आत डोकावावे, हे एकालाही सुचले नाही. धाकटी चादरीला ऐकवायची, "काहींच्या माश्या चोरट्या असतात." थोरली बादलीला सांगायची, "काहींच्या माश्या नाजूकच." मला दोघींना धरून हलवावेसे वाटे.

दोन पेट्या पार रिकाम्या झाल्या तेव्हा धाकटीच्या भावाने फोन केला. त्याच्याकडे चांगल्या भरलेल्या पेट्या आहेत. त्यातल्या सहा तो रविवारी पाठवणार होता. धाकटी दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसली. सहा निरोगी पेट्या इथे येऊन याच अंगणात बसणार या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

शुक्रवारी सकाळी, धाकटीने कळवल्यावरून, मधपेट्या तपासणाऱ्या सरकारी मॅडम आल्या. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. एका बरणीत अर्धी वाटी माश्या घेतल्या आणि पिठीसाखर मागितली. धाकटीकडे ती संपली होती. मॅडमनी सरळ पलीकडे हाक मारली, "पिठीसाखर आहे का हो?" थोरली डबा घेऊन आली आणि तिथेच थांबली. मॅडमनी साखर बरणीत घातली, तोंडाला जाळी लावली, बरणी हलवली आणि पांढऱ्या ताटलीवर झटकली. साखरेबरोबर तांबूस ठिपके पडले. मग त्यांना पाय फुटले आणि ते चालू लागले.

"एकोणतीस," मॅडम म्हणाल्या. "एवढ्याशा माश्यांवर एकोणतीस माइट. पेट्या कशा टिकतील?"

थोरलीने एक ठिपका नखावर घेतला. तिचा चेहरा उतरला. तिने ओळखले होते. मला वाटले, आता बोलेल. ती डब्याचे झाकण लावत राहिली.

मग मॅडमनी मला वर उचलले आणि माझ्यातल्या घरांवर पट्टी धरली. दहा घरे मोजली, पुन्हा मोजली. "ही घरं लहान आहेत. तुमच्या जातीच्या माश्यांची नाहीत ही. कुठून आणलं हे पोळं?"

"कुठून नाही," धाकटी म्हणाली. "मी बाहेरचं काहीही पेटीत घातलेलं नाही. शपथेवर सांगते."

ती खरेच बोलत होती, आणि त्याचाच मला संताप आला. मॅडम म्हणाल्या, "मग माश्या विकणाऱ्याकडूनच आलं असणार. तसं लिहिते. आज झाकलेल्या पिल्लांच्या सगळ्या चौकटी जाळा. उरलेल्या माश्यांना औषध देऊ. रविवारी नव्या पेट्या येऊ देत, फक्त देशी पेट्यांपासून लांब मांडा."

मॅडम गेल्यावर अंगणाच्या कोपऱ्यात आमचा ढीग रचला गेला. धाकटी एकेक चौकट आणून टाकत होती आणि प्रत्येक वेळी तोंड फिरवत होती. सगळ्यांत वर मला ठेवायला ती आली तेव्हा थोरली मध्ये उभी राहिली.

"ते पोळं माझं आहे," ती म्हणाली. बादलीला नाही, चादरीला नाही. धाकटीला म्हणाली. "तू दाढ काढायला गेलीस त्या दिवशी मी बांधलं. माझ्याच पेटीतलं. हे किडे माझ्याकडे कायम असतात, पण ते असं काही करतील हे मला ठाऊक नव्हतं."

धाकटीने माझ्यातला तो तुकडा निरखून पाहिला. मग म्हणाली, "विचारलं का नाहीत मला?"

"तू घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं."

"आणि आत्ता मॅडमसमोर गप्प राहिले, ते तुला आणखी वाईट वाटेल म्हणून."

"माझ्या पाच पेट्या मरायला टेकल्यात, ताई. दोन मेल्यात. आणखी वाईट काय वाटायचं राहिलंय?"

 थोरलीने धाकटीच्या हातातून मला घेतले आणि स्वतःच ढिगावर ठेवले. माझ्यात अजून पिल्ले आहेत. काही तिच्या पोळ्यातल्या घरांत, काही धाकटीच्या माश्यांनी वाढवलेल्या मेणात. ती सगळी माझ्याबरोबर जाणार आहेत.

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे आणि मला जाळण्यातच इतरांचे भले आहे. पण एक विनवणी आहे. एका घरातला जीव उचलून दुसऱ्या घरात ठेवण्यापूर्वी थांबा. त्याच्याबरोबर काय जाते आहे ते बघा, ज्याला द्यायचे त्याला सांगा, आणि रागात असाल तरी सांगा. देशी माश्यांचा यात दोष नाही, बाहेरून आणलेल्यांचाही नाही. त्यांना कुणी विचारून एकत्र आणले नव्हते. मॅडम निघताना सांगून गेल्या की दोन जातींच्या पेट्या अशा शेजारी ठेवायच्याच नसतात. हे दोन वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला विचारायला काय हरकत होती?

आता धाकटी फोनवर आहे. थोरली शेजारी उभी आहे, हातात अजून तो साखरेचा डबा.

"दादा, पेट्या पाठवू नकोस," धाकटी सांगते आहे. "एकही नको. इथे माइट लागलाय. आमच्या दहाच्या दहा पेट्या तपासायच्या आहेत."

धाकटीच्या पेट्या सात. थोरलीच्या तीन. धाकटी दहा म्हणाली, आणि थोरलीने तिला थांबवले नाही. ती डबा खाली ठेवून आपल्या पेट्या उघडायला निघाली आहे.