ताईची ओळ

महोत्सवात परदेशी सिनेमा बघताना पडद्याखाली जी अरुंद काळी पट्टी असते, तिच्यावर आपल्या भाषेतले संवाद आपोआप उमटतात असा लोकांचा समज आहे. असू दे बापडा. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, लॅपटॉपवर काळं कापड ओढून एक माणूस बसलेला असतो आणि प्रत्येक वाक्याला एक कळ दाबत असतो. तो माणूस मी. कळ लवकर दाबली तर विनोद फुकट जातो, उशिरा दाबली तर मेलेला माणूस बोलतो. सगळं नीट झालं तर माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि तेच बरं असतं.

मला त्यातली एकही भाषा धड येत नाही. निर्माते संवादांची इंग्रजी यादी पाठवतात, मी ते आपल्या भाषेत आणतो आणि मग तो सिनेमा घरी इतक्या वेळा बघतो की कोण कुठे श्वास घेतो आणि कुठल्या खोकल्यानंतर वाक्य सुरू होतं, हे पाठ होऊन जातं. यंदा माझ्या वाट्याला एक घटस्फोट, दोन बेपत्ता मुली, एक संप आणि भरपूर खिडक्या आल्या होत्या. या सिनेमांतली माणसं खिडकीबाहेर फार बघतात. तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

शेवटचा सिनेमा वृद्धाश्रमातला होता. एक निवृत्त न्यायाधीश तिथे राहतो आणि त्याला एकदा आपल्या घरी जाऊन यायचंय, एवढीच गोष्ट. न्यायाधीश नट होता, पण आश्रमातल्या परिचारिका आणि आया खऱ्याच होत्या. त्यांना संवाद लिहून दिलेले नाहीत, त्या आपापल्या मनाने बोलल्या आहेत, असं सोबतच्या माहितीत मोठ्या अभिमानाने लिहिलेलं होतं.  सिनेमा अर्ध्यावर आला, न्यायाधीशाच्या खोलीचं दार उघडलं, आणि गरम पाण्याचं घमेलं घेऊन आमची ताई आत आली.

मी सिनेमा थांबवला. आई पलीकडच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. मी उठून दार लोटलं आणि परत बसलो. ताईच होती. जाड झाली होती, केस आखूड कापले होते, पण घमेलं खाली ठेवताना आधी गुडघा टेकवायची सवय तीच. ती म्हाताऱ्याचे पाय धूत होती आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत भराभरा बोलत होती. माझी सख्खी बहीण माझ्यासमोर बोलत होती आणि ती काय म्हणते हे मला यादीत शोधावं लागत होतं. असं कधी कुणावर येऊ नये.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मला अंघोळ घालण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. दोन वर्षांत परत येते असं सांगून ती तिकडे, त्याच देशात, कामाला गेली. मग बाबा आजारी पडले आणि तिचे राहण्याचे कागद अडकले. देश सोडला तर परत आत घेणार नाहीत म्हणून ती आली नाही. बाबा गेले तेव्हाही आली नाही. त्या दिवशी तिचा फोन आल्यावर आई म्हणाली, "आता येऊच नकोस. तू आम्हाला मेलीस." मी शेजारीच उभा होतो. ताईने फोन ठेवला, आणि त्याला आता सहा वर्षं झाली. तिचा जुना नंबर पुढे बंदच लागायला लागला.

तेव्हापासून आमच्या घरात ताईचा विषय निघत नाही. पण आई अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेते. अनोळखी नंबर आला की हात पुसत धावते. विमा विकणाऱ्या पोरींशी ती इतक्या मायेने बोलते, त्यांना जेवलीस का म्हणून विचारते, की शेवटी त्याच गडबडून फोन ठेवतात. मी एकदा थट्टा केली तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

यादीत ताईच्या वाट्याला मोजून तीन ओळी होत्या. पाणी गरम आहे का. पाय वर करा. न्यायाधीश तिला म्हणतो, तुझी आई तिकडे तुझी वाट बघत असेल. त्यावर ताईची ओळ होती: "मला आई नाही. कधीच गेली."

 मी ती यादी तीनदा वाचली. मग ताईचा चेहरा बघत तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला, काही वेगळं ऐकू येतं का म्हणून. भाषा येत नसली तरी आईसाठीचा शब्द कुठल्याही भाषेत ओळखू येतो. तो होता, आणि त्याच्यापुढे नकारही होता.

दुसऱ्या दिवशी निर्मात्यांना लिहिलं की तुमच्या सिनेमातली ही बाई माझी बहीण आहे, तिचा पत्ता द्या. असा कुणाचा पत्ता देता येत नाही पण तुमचा निरोप पोचवू, असं सभ्य उत्तर आलं. त्यानंतर काही नाही. म्हणजे निरोप पोचला नसेल, किंवा पोचला असेल. दुसरी शक्यता मी आईला सांगणार नव्हतो.

पण ताई सिनेमात आहे हे लपवून ठेवणं माझ्याच्याने होईना. सहा वर्षं जी बाई अनोळखी आवाजांतून आपली मुलगी शोधते आहे, तिला मुलीचं तोंड बघायला मिळत असताना मी गप्प बसायचं, हे कसं जमणार? मी सांगितलं. आई इस्त्री करायची थांबली. ती बरी दिसते का, असं विचारलं. मग मोठ्या पडद्यावरच बघेन म्हणाली, त्या तुझ्या डबड्यावर नको. ताई काय बोलते ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पेच असा होता की तिला ते कळणार होतं ते माझ्याच हातून. आमच्या धंद्यात आपण हमाल. ओझं जसं हातात आलं तसं पलीकडे पोचवायचं, आतलं काढायचं नाही, पदरचं घालायचं नाही. इतकी वर्षं मी शिव्यासुद्धा सौम्य केलेल्या नाहीत, त्यावरून महोत्सवाच्या संयोजकबाईंची बोलणी खाल्ली आहेत. पण त्या रात्री जेवण झाल्यावर मी ताईच्या खऱ्या ओळीखाली दुसरी एक ओळ लिहून ठेवली. एक दाबायची, एक गाळायची. कुठली, ते तेव्हाचं तेव्हा बघू म्हटलं.

पहिला खेळ दुपारी होता. महोत्सवाची नेहमीची गर्दी होती. गळ्यात पास, खांद्याला कापडी पिशवी, आणि शेजारच्या खुर्चीवर मित्रासाठी टाकलेला रुमाल, ज्याच्यावरून दर खेळाला भांडणं होतात. आईने ठेवणीतले कपडे घातले होते आणि चष्मा दोनदा पुसला होता. तिला मी मधल्या रांगेत कडेची खुर्ची धरून दिली आणि माझ्या कोपऱ्यात जाऊन बसलो. तिथून मला तिचं डोकं दिसत होतं.

सिनेमा सुरू झाला. न्यायाधीश बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. कळा बरोबर पडत होत्या. मग दार उघडलं आणि ताई घमेलं घेऊन आत आली. आईचं डोकं थोडं पुढे झालं. पाणी गरम आहे का. पाय वर करा. तुझी आई तिकडे तुझी वाट बघत असेल.

ताईने श्वास घेतला. मी खरी ओळ ओलांडून पुढची दाबली. पट्टीवर माझं अक्षर न् अक्षर खोटं वाक्य उमटलं: "असेल. मलाही तिची फार आठवण येते."

पडद्यावर ताई पुन्हा पाय पुसायला लागली. दार बंद झालं, सिनेमा पुढे सरकला. सभागृहात कुणाला काही कळलं नाही. मला मात्र चोरी करून आल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. मनात म्हटलं, गेली सहा वर्षं तिला जे हवं होतं ते मी तिला दिलं, आता काय व्हायचं ते होऊ दे.

खेळ संपल्यावर आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली होती. डोळे कोरडे होते. मी शेजारी बसलो आणि विचारलं, बघितलंस ना? ती हो म्हणाली. बरी आहे, हातांना भेगा पडल्यात, तिकडची थंडी वाईट असणार, असं काहीबाही बोलली.  लोक आमच्यासमोरून चहाचे कप घेऊन, अप्रतिम अप्रतिम म्हणत जात होते.

"आठवण येते म्हणाली ते खोटं होतं," आई म्हणाली.

मला वाटलं पकडलो गेलो. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"कशावरून?" मी विचारलं.

"इतर पोरं खोटं बोलताना नजर चुकवतात. ही हातातलं काम थांबवून, मान वर करून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलते. खरं बोलायचं असलं की मान खाली असते आणि हात चालू असतात. शाळा बुडवून हिंडून आली की मला असंच डोळ्यांत बघून सांगायची, आज गणिताचा तास छान झाला." आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तिला नाही येत माझी आठवण. त्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली. माझंच तेव्हाचं बोलणं आडवं आलं, दुसरं काय."

मी तो तुकडा कितीतरी वेळा बघितला होता. ताई मान वर करून बोलते हे मला दिसत होतं, पण दिसूनही त्याचा अर्थ मला लागला नव्हता. मी ताईचा शब्द बदलला होता, चेहरा कसा बदलणार? आता माझं खोटं ताईच्या तोंडी गेलं होतं आणि आई त्याखाली पार खचली होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"आई," मी म्हटलं, "ती तसं म्हणालीच नाही. ते मी लिहिलं."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग काय म्हणाली?"

 ती वाट बघत राहिली.

"मला आई नाही, म्हणाली. कधीच गेली, म्हणाली."

आईचा चेहरा इतका स्थिर झाला की मी घाबरून तिचा हात धरला. तिच्या तोंडून निघालेलं वाक्य सहा वर्षांनी फिरून तिच्याच दारात आलं होतं, आणि ते मी आणून टाकलं होतं. मी माफी मागायला लागलो. तिने हात सोडवून घेतला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे म्हणताना मान वर केली तिने?"

"तू बघितलंस की."

"पाय पुसायची थांबली होती?"

"हो."

आई एकदम रडायला लागली, हसल्यासारखी. लोक वळून बघायला लागले तशी तिने रुमाल तोंडाला लावला. मी पाणी आणलं ते तिने घेतलं नाही. जरा शांत झाल्यावर तिने विचारलं की हा सिनेमा पुन्हा आहे का. परवा सकाळी आहे, म्हटलं. "तेव्हा तिचं आहे तेच लाव," ती म्हणाली. "तुझं नको मधे."

त्या संध्याकाळी संयोजकबाईंचा फोन आला. ती भाषा जाणणाऱ्या कुणीतरी तक्रार केली होती की एक ओळ सरळ सरळ उलटी होती. मी कबूल केलं आणि ऐकून घेतलं. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. माझा फोन वाजला तशी ती हात पुसत दारापर्यंत आली होती, मग कुणाचा आहे ते बघून परत गेली.

दुसऱ्या खेळाला गर्दी कमी होती. आईने स्वतः जाऊन पहिली रांग धरली. तिथून मान दुखते असं मी सांगितलं, तर दुखू दे म्हणाली. न्यायाधीश खिडकीबाहेर बघत राहिला. मग दार उघडलं. पाणी गरम आहे का. पाय वर करा. तुझी आई तिकडे तुझी वाट बघत असेल.

ताईचे हात थांबले. तिने मान वर केली आणि श्वास घेतला. मी कळ दाबली.

"मला आई नाही. कधीच गेली."

पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला. मोठा नव्हता. आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की हातातलं काम न सोडता आपण ओ देतो, तसा होता.

"आहे गं. आहे मी."

दोन-चार डोकी वळली, कुणीतरी शुक् केलं. पडद्यावर ताई अजून समोर बघत होती. पुढची ओळ न्यायाधीशाची होती. तो बोलून गेला आणि पट्टी रिकामीच राहिली, कारण माझा हात उठलाच नाही.