पंचमीला फिरलेलं जातं

मी एक जुनं जातं आहे.

नाही मित्रांनो, हे वाक्य चुकलं. पुन्हा सांगतो.

मी एका जुन्या जात्याचा वरचा दगड आहे. जात्याला दोन दगड असतात. खालचा जमिनीत घट्ट बसतो आणि वरचा त्याच्यावर फिरतो. आमचा खालचा दगड आता घरात आहे आणि मी दाराबाहेर आहे. त्यामुळे ही गोष्ट मला अर्धीच सांगता येईल. मध्येच ती तुटेल. तुटली की समजा, तिथं खालच्या दगडानं बोलायचं होतं.

कऱ्हाटीजवळ नदीच्या काठी एका वडारानं आम्हा दोघांना एकाच खडकातून काढलं. टाकीचे घाव घालून त्यानं आमची तोंडं खरबरीत केली. माझ्या मधोमध दाणे टाकायला भोक पाडलं आणि कडेला खुंट्यासाठी खोबण केली. साखरबाईच्या आईनं आम्हाला विकत घेतलं आणि लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर बैलगाडीतून सांगवीला पाठवलं.

साखरबाईचा नवरा गेणू एका बागायतदाराच्या मळ्यात पाणी धरायचा. ती खुरपायची, वांगी-दोडके खुडायची. मळ्यातच त्यांना एक खोप मिळाली होती. तिथं रतन झाली, मग पाच-सहा वर्षांनी सारजा. रोज पहाटे साखरबाई माझा खुंटा धरायची आणि स्वतः रचलेली ओवी म्हणायची.

जोंधळा दळिते बाई, पीठ पडतं हळूहळू
रतन निजली माझी, दारा नको करकरू

खोपीला खरं तर दारच नव्हतं, एक ताटी होती. पण ओवीत दार होतं.

वर्षातून एक दिवस ती मला हात लावत नसे. नागपंचमीला. आदल्या दिवशीच दळून ठेवायची, आणि पंचमीला आंघोळ करून मला हळदीकुंकवाचं बोट लावायची. त्या दिवशी रतन उजाडताच झोपाळ्याकडं पळालेली असे. आईचं गाणं तिनं रोज ऐकलं. आईचं न दळणं तिला कधी ऐकू आलं नाही.

हे लक्षात ठेवा मित्रांनो. पुढं लागेल.

*

दिवाळीच्या आधी साखरबाई तापानं गेली.

पोरी उपाशी राहायला लागल्या तसा एका पहाटे गेणू माझ्यापुढं बसला. त्याचे हात मोटेचे होते. पहिल्या दिवशी अर्धे दाणे भरडच पडले. शेजारच्या मळ्यातले गडी हसले.

"काय गेणूबाई, झालं का दळाण?"

"झालं की," गेणू म्हणाला. "तुमची मालकीण बोलावतीया, जावा. भांडी पडल्यात."

आठवड्यातच त्याचा हात बसला. पीठ बारीक पडू लागलं. पण मग बागायतदारानं त्याला बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता.

"गेणू, मला जोडी लागती. गडी पाण्याला, बाई खुडायला. खोप जोडीची हाय. दुसरी जोडी यायची हाय."

"व्हय मालक."

"पोरींच्या मामाला इचार की."

विचारलं. कऱ्हाटीचा मामा म्हणाला, "थोरली द्या. कामाला यील. धाकटीचं काय करू मी?"

रतनने हे ऐकलं. त्या रात्री तिनं सारजाच्या झग्याची कडा मुठीत धरली आणि तशीच झोपली. गेणूनं ते पाहिलं. तिघं एका छपराखाली राहतील अशी जागा शोधायची, एवढंच मग त्याच्या डोक्यात राहिलं. बाकी काही नाही.

*

बारामती.

आम्हा दोघा दगडांना पोत्यात गुंडाळून एका वखारीच्या ओट्यावर ठेवलं होतं. गेणू दिवसा गुळाच्या ढेपा वाहायचा, संध्याकाळी पोरींना घेऊन दारोदार जायचा. काय झालं ते आल्यावर वखारीवर राखण करणाऱ्या तात्याबाला सांगायचा. मी ऐकायचो.

"घरात बाई हाय का?"
"न्हाय जी. वारली."
"मग न्हाय जमायचं."

"एकटा गडी? आमच्या हितं एकच न्हाणी हाय, लेकीबाळी हायत."

"आदी लगीन कर, मग खोली बघ."

"पोरी दे कुणालातरी. एकट्या गड्याला घर कशाला लागतंय? कुठंबी पडायचं."

तात्याबा विडी ओढत म्हणाला, "गेणू, त्ये जातं इकून टाक आन् बायकू आण."

"जातं तिचं हाय, तात्या."

तात्याबानं विडी विझवली. उन्हाळा संपत आला तसा वखारवाल्याला ओटा मोकळा हवा झाला. तात्याबानंच इंदापूरला भाजी नेणाऱ्या एका गाडीवानाला सांगून आमची सोय केली.

*

इंदापूर.

बाजारामागच्या गल्लीत चंद्राबाई राहायची. नवरा जाऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडल्यामुळे तिला उजेड तेवढा कळे, माणूस कळत नसे. तिच्या घराला लागून एक खोली रिकामी होती.

गेणूनं पोतं खाली ठेवलं. चंद्राबाईनं काठी टेकत येऊन पोत्यावरून हात फिरवला. माझ्या भोकात तिचं बोट गेलं आणि तिचा चेहरा उजळला.

"जातं आणलंय! म्हंजी घरात बाई हाय. बरं झालं. लई दिस झालं भिंतीपलीकडनं जातं ऐकून."

गेणूनं तोंड उघडलं. पण रतन आधी बोलली.

"व्हय आजी. आय मळ्यात खुडायला गेलीया. ती अंधारात जाती, अंधारात येती."

गेणूनं तोंड मिटलं.

त्या खोलीला दार होतं. खरं, लाकडी. उघडताना करकरायचं.

खालचा दगड जमिनीत बसवला. दुसऱ्या पहाटेपासून गेणू दळू लागला. रतन त्याच्याजवळ बसून, आवाज जाड काढून, आईची ओवी म्हणायची.

रतन निजली माझी, दारा नको करकरू

मित्रांनो, मी पुष्कळ दळलं. जोंधळा, बाजरी, गहू. पण झोपेनं डुलणाऱ्या पोरीनं, रतन निजली आहे असं गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

भिंतीपलीकडं चंद्राबाई जागी असायची. सकाळी सारजाच्या हातावर गूळ ठेवून म्हणायची, "तुझ्या आयचा हात लई सरळ हाय गं. घरघर कशी एकसारखी. आन् गळा तर पोरीवानी."

समोरच्या सिंधुबाई म्हणायच्या, "आमाला कवा दिसायची म्हणावं ही राणी? का भूत हाय?"

"भूत दळतंय व्हय गं?" चंद्राबाई त्यांना झापायची.

आषाढ असा गेला. तिघं एका वाकळेत झोपली. सारजा तर आईनं दळलेलं पीठ आहे असं खरंच समजायची. ती मला हळूच विचारायची, "आय कुठं हाय?"

(इथं खालच्या दगडानं काहीतरी सांगितलं असतं.)

*

पंचमी आली.

आदल्या दिवशी गल्लीभर बायकांचं दळण चाललं होतं. गेणू बाजारात टोपल्या उतरवत होता. पंचमीला शेतात नांगर घालायचा नाही, हे त्याला माहीत होतं. प्रत्येक गड्याला माहीत असतं. जातं फिरवायचं नाही, हे बायकांना माहीत असतं. त्याला कोण सांगणार?

आज घरोघरी दिंडं उकडतील, पुरणाचा वास येईल आणि आपल्या पोरी दारात उभ्या राहून बघतील, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून त्यानं बाजारातून थोडे चांगले गहू आणले होते. पहाटे उठला. सगळी गल्ली गप्प होती. त्यानं मूठभर गहू माझ्या भोकात सोडले आणि खुंटा धरला.

थांब, असं मला म्हणता आलं नाही. मी फिरलो.

रतनने डोळे चोळत ओवी धरली.

भिंतीपलीकडं काठी पडली. चंद्राबाई धडपडत आली. दार करकरलं.

"अगं बाये, आज पंचमी! थांब! नागोबाला लागंल! हात थांबीव आदी!"

दळणाऱ्या बाईला थांबवायला तिनं आवाजाच्या रोखानं हात घातला आणि मनगट धरलं.

मनगटात बांगड्या नव्हत्या.

चंद्राबाईचा आवाज एकदम खाली आला. "व्हय गं? तूबी माझ्यावानीच? मग आदी का न्हाई बोललीस?"

तिनं त्या मनगटावरून माया करायला हात फिरवला. हाताला केस लागले. जाड हाड लागलं. तिनं हात काढून घेतला.

गेणूनं खुंटा सोडला. रतन आवाज जाड न करता, स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आजी, आबा हायत. आय मेली."

"कवा?"

"दिवाळीच्या आदी."

चंद्राबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. "मग रोज गात हुतं कोण?"

"मी."

पंचमीला जातं वाजलेलं गल्लीनं ऐकलं होतं. दारात बायका जमल्या. सिंधुबाई पुढं होत्या. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं.

"पोरींचं वाईट वाटतंय गं. पर एकटा गडी हाय. आमी उघड्यावर न्हातो. आमची माणसं काय म्हंतील?"

चंद्राबाई भिंत धरून उठली. मग म्हणाली, "पोरी ऱ्हाऊ देत. माझ्यापाशी निजतील. तू मातुर..."

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

गेणूनं विचारलं, "दोघी एका जागी?"

"एका वाकळंत."

"मग मी जातो."

सारजानं त्याचं धोतर धरलं. "आबा, कुठं निघाला?"

"हितंच. बाजारात."

माझ्या तोंडात गहू तसेच राहिले होते. अर्धे फुटलेले.

*

गेणू बाजारातल्या छपराखाली झोपू लागला. पहाटे माझ्या खुंट्यावर आता दोन हात असायचे, एक रतनचा, एक चंद्राबाईचा. म्हातारी दळायला शिकवायची. कुठल्या दिवशी दळायचं नाही, तेही शिकवायची. रतन सगळं शिकली. फक्त ती ओवी तिनं पुन्हा म्हटली नाही.

बाजाराच्या दिवशी गेणू दुपारी यायचा आणि दाराबाहेर बसायचा. रतन त्याला भाकरी आणून द्यायची.

"पीठ बारीक पडतंय का?"

"व्हय आबा."

"सारजा खाती का?"

"खाती."

एवढंच. मग तो हात धुऊन जायचा.

दोनेक वर्षांनी गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आली. माझं काम संपलं. दारात चिखल व्हायचा, चंद्राबाईचा पाय घसरायचा, म्हणून मला उचलून पायरी केलं. खालचा दगड जमिनीत रुतलेला होता, तो निघाला नाही. तो पोरींपाशी राहिला. मी बाहेर, गेणूपाशी. बाजाराच्या दिवशी तो माझ्यावर बसतो. पावसाचं पाणी माझ्या भोकात साठतं, ते तो बोटानं उडवून टाकतो.

एका बाजाराच्या दिवशी सारजा दारात आली. एव्हाना सहा वर्षांची झाली होती. तिनं माझ्यावर बसलेल्या माणसाकडं बघितलं आणि आत तोंड करून हाक मारली.

"अक्का, पाव्हणं आल्यात. पाणी आण."

गेणू हसला. मग त्यानं तोंडावरून पंचा फिरवला, आणि तो पुष्कळ वेळ काढला नाही.

मित्रांनो, जुने दगड जपा, त्यांना हळदीकुंकू लावा, असं तुम्हाला वाटलं असेल मी सांगेन. नको. मी पायरी म्हणून ठीक आहे. पण कधी तुमच्या दारात एखादा माणूस दोन पोरी आणि एक पोतं घेऊन उभा राहिला, तर घरात बाई आहे का, ते मागाहून विचारा. आधी दार उघडा.

करकरलं तरी चालेल.