पांढऱ्या झग्याची दुसरी प्रत

ऑगस्टाने कोरीनच्या कमरेभोवती टेप धरली आणि आकडा मोठ्याने वाचलाच नाही. आठवड्यात दीड इंच उतरली होती. हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत कोरीन व्हेल सतराव्या वर्षी नटी म्हणून आली, तेव्हापासून अकरा वर्षं तिचे कपडे ऑगस्टाच शिवत होती.

"बोल की गस्टी, तोंडात टाचण्या आहेत का?"

"आहेतच. तू जेवतेस काय, हवा?"

"सकाळी भूक मारायची पिवळी गोळी, झोपताना लाल. मधे काळी कॉफी." कोरीन हसली.

स्टुडिओचे डॉक्टर पेल दारातूनच म्हणाले, "अजून दोन पौंड उतरवू. गाल दिसतात कॅमेऱ्यात."

"हिला उभं राहवत नाही हो, डॉक्टर."

"तुम्ही शिवणाचं बघा, बाई."

मंगळवारी कचेरीतून चिठ्ठी आली. शेवटच्या प्रसंगाच्या पांढऱ्या झग्याची आणखी एक प्रत हवी होती. नाव नव्हतं, नुसती मापं. ती कोरीनची नव्हती. उंची चार बोटं जास्त. कोरीन कोसळणार आणि तिच्या जागी दुसरी येणार, हे वरच्या साहेबांनी आधीच ठरवलं होतं तर!

तिने सांगितल्यावर कोरीन आरशातूनच म्हणाली, "माहितेय मला. म्हणून तर गोळ्या चुकवत नाही."

शुक्रवारी जिन्याचा प्रसंग होता. आठ वेळा ती उतरली. नवव्या वेळी मधल्याच पायरीवर थांबली, दिव्यांकडे बघत म्हणाली, "आई कुठे गेली?" आणि कोसळली.

डॉक्टर सुई घेऊन धावले. "अर्ध्या तासात उभी करतो."

"हात तर लावून बघा!" ऑगस्टा कात्री घेऊन आडवी उभी राहिली. तिने झग्याची पाठ टराटरा कापली, कोरीनने श्वास घेतला. सेटवरच्या दोन सुतारांनी तिला उचलून ऑगस्टाच्या गाडीत ठेवलं. कुणीच अडवलं नाही. ऑगस्टाने मागे वळून पाहिलं, तर जिन्याच्या माथ्यावर दुसरी मुलगी तोच झगा घालून तयार उभी होती.

कोरीन वाचली. महिनाभर इस्पितळात राहून व्हेंचुराला ऑगस्टाच्या बहिणीच्या संत्र्यांच्या बागेत आली. करार संपला, ऑगस्टाचीही नोकरी गेली; तीही तिथेच राहायला आली. वर्तमानपत्रांनी 'प्रकृतीमुळे निवृत्ती' एवढंच छापलं.

वसंतात तिला भूक लागू लागली. एकदा ती अंडं खात असताना फाटकाशी स्टुडिओच्या गाड्यांसारखीच एक काळी मोटार मंदावली. कोरीन ताटावरून उठून दाराआड गेली.

"रस्ता चुकलेत गं ते," ऑगस्टा म्हणाली.

मोटार केव्हाच निघून गेली होती. कोरीन बाहेर आली नाही.