गँगच्या दारातलं शिलपाट

मी शिलपाट बोलतोय. साहेबलोक मला स्लीपर म्हणतात. रुळांखाली आडवं घालतात ना, ते लाकूड. आता मात्र मी नाशिकरोडच्या रेल्वे कॉलनीत, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या हत्यारांच्या खोलीसमोर, दोन दगडांवर बाकडं होऊन पडलोय.

मला नको तितक्या चौकशा असतात असं कुणी म्हणेल. पण मी काही उठून कुणाच्या दारात जात नाही. माणसंच येऊन माझ्यावर टेकतात, डबे उघडतात आणि घरातलं सगळं ओकून मोकळी होतात. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाचा कांदा चाळीत सडला, मला सगळं ठाऊक. ऐकलेलं मनात ठेवायचं तेवढं कळतं मला. आज मात्र राहवत नाही.

मी साल नावाच्या झाडाचा. माझं बरंच आयुष्य घोटीच्या अलीकडच्या एका पुलावर गेलं. गाडी यायची ती मला आधी कळायची, मग माणसांना. पुढं नवीन प्रकारचे स्लीपर आले आणि मला काढून बाजूला टाकलं. झिजलो नव्हतो हो फारसा. पण जुनं ते जुनं.

गँगवाल्यांनीच मला उचलून इथं आणलं. मला उचलायला चौघं लागतात. मुकादम नवनाथ "हैऽऽ" म्हणाला की चौघांनी एकदम दम भरायचा. एकजण जरी मागं राहिला तर दुसऱ्याची बोटं चिरडतात. त्या चौघांतला एक बारकू. माझा एक खिळा वर आला होता, त्यात गँगमध्ये नव्यानं कामाला लागलेल्या राखीची ओढणी फाटली. बारकूनं लगेच हातोडा आणून तो ठोकून बसवला. "पोरी, ह्या म्हाताऱ्यापासून जपून," म्हणाला. म्हातारा म्हणजे मी बरं का!

तो बारकू गेल्या महिन्यात गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

गँगची एक रीत आहे. कुणाच्या घरी माती झाली की शेवटच्या विधीला अख्खी गँग जाते. त्या दिवशी शेजारची गँग यांची लाइन सांभाळते. सगळ्यांच्या रजेचे अर्ज नवनाथच लिहितो, कारण अक्षर त्याचं बरं, आणि एकत्र टाचून साहेबांच्या टेबलावर ठेवतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. यावेळीही त्यानं तेच केलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी युनियनचा शाखा सेक्रेटरी शेखर तणतणत आला. बसलासुद्धा नाही.

"मुकादम, कुणाला विचारून दिले अर्ज?"

"विचारायचं काय त्यात? बारकूचं पुण्यानुमोदन हाय, शेवटचा विधी. घोटीला त्याच्या घरी जायचंय."

"अरे, नवा कायदा आलाय! निम्म्या माणसांनी ठरवून एका दिवशी रजा घेतली तरी तो संप धरतात. आणि तुम्ही तर एका अक्षरात, एका टाचणीत दिलेत. याहून ठरवून ते काय असतं?"

तसंही दिवस नाजूक होते. या टप्प्याचं काम ठेक्यावर द्यायचं घाटत होतं. युनियननं संपाची नोटीस दिली होती आणि तडजोडीची बोलणी चालू होती. बोलणी चालू असताना संप केला तर तो बेकायदा.

"मयतीला जाणं संप कसा होईल?" राखी तडकली. "मी जाणार. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुझ्या एकटीचं झालं असतं तर मीच म्हणालो असतो जा. गँग हातची जाईल, राखी. ठेका द्यायला त्यांना निमित्तच पाहिजे."

तेवढ्यात सेक्शनचे साहेब आले. वाईट माणूस नाही, पण कपाळाला आठ्या. "मुकादम, अर्ज मी अजून वर पाठवले नाहीत. उद्यापर्यंत थांबतो. पाठवले की माझ्या हातात काही राहत नाही."

साहेब गेल्यावर कुणी डबा उघडला नाही. नवनाथ माझ्या टोकाला बसला. बारकूची बायको लताबाई, तिला फोन लावला.

"बोला की दादा," पलीकडून आवाज आला. "येताय ना सगळे? भाकरी किती टाकू?"

"वहिनी... नाय जमायचं." मग त्यानं सगळं सांगितलं.

"त्यांच्याबरोबर राबलेली माणसं नसतील तर विधी कसला?" लताबाई म्हणाली. "सुट्टी कधी होते तुमची?"

"पाचला."

"मग मीच येते. सुट्टी झाल्यावर माणसानं कुठं बसायचं, ते नाय ना लिवलं कायद्यात?"

नवनाथनं अर्ज मागं घेतले. विधीच्या दिवशी गँग पूर्ण हजर. साहेबांचा माणूस दोनदा लाइनवर येऊन माणसं मोजून गेला. ती मोजणी बघून राखीनं इतक्या जोरात घण मारला म्हणतात, की नवनाथला तिचा हात धरावा लागला.

पाचनंतर सगळे आले, अंगात केशरी जाकिटं तशीच. पांढऱ्या साडीतली लताबाई, विधी सांगणारे बोधाचार्य, सोबत भाकऱ्यांचं गाठोडं. बारकूचा फोटो कुठं ठेवायचा असा प्रश्न आला, तेव्हा तिनं पदरानं मला पुसलं आणि तो माझ्यावर ठेवला. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या लावल्या. बुद्धवंदनेचं त्रिशरण सुरू झालं.

मध्येच साहेब आले. "हे काय चाललंय? मीटिंग आहे?"

"माझ्या मालकाचं पुण्यानुमोदन हाय, साहेब," लताबाई म्हणाली. "बसा."

साहेब बसले नाहीत. गेलेही नाहीत. हातातला फोन मात्र खिशात ठेवला. वर काय कळवलं, ते अजून कुणाला माहीत नाही.

बोलणी अजून लोंबकळतायत. ही खोली ठेकेदाराला देणार, दारातलं सामान हलवणार, असंही कानावर आलंय. सामान म्हणजे मीच. पुन्हा एकदा जुना झालो म्हणायचं.

माझं काही म्हणणं नाही. फक्त एक विनंती आहे. मला मशीन लावून ओढू नका, आणि एकट्यादुकट्यानं हातही लावू नका. चौघं या. बारकूचा कोपरा राखी धरणार आहे, तसं तिनं लताबाईला सांगितलंय. नवनाथनं "हैऽऽ" म्हणावं आणि सगळ्यांनी एकदम दम भरावा.

कुणी विचारलंच तर सांगा, हो, ठरवूनच उचललं.